कँटनचे कारागीर आणि बरम्याची दोरी

आमचे एक मामेभाऊ तयार कपड्यांच्या व्यापारात आहेत. वर्षातून एक-दोनदा चीनमधील ग्वांगचौ शहरी त्यांची फेरी होते. येताना ते सगळ्यांसाठी काही ना काही आणतात. आमच्या वाट्याला बहुधा पेन येते. मास्तरला पेनाशिवाय दुसरे काय लागणार, असा त्यांचा समज. गेल्या खेपेला मात्र त्यांनी एक गुंडाळी आणली. उलगडली तर आत बारा चित्रे निघाली. एकेका चित्रात एकेक माणूस. कुणी न्हावी, कुणी मोची, कुणी लोहार, कुणी फुटक्या चिनीमातीची भांडी सांधणारा, कुणी साप विकणारा, कुणी डोक्यावर खोका उभारून कठपुतळ्या नाचवणारा. मागे पांढरा कागद, पायाखाली जमिनीची एक फिकट पट्टी. बस्स.

"छापील नाहीत, हाताने काढलेली आहेत," भावाने बजावून सांगितले. "जुन्या चित्रांवरून काढलेली. दुकानदार बोट ओले करून रंग पुसून दाखवत होता."

अम्मींनी एकच नजर टाकली आणि निकाल दिला, "माणसांच्या तसबिरी आहेत. नमाजच्या खोलीत नको." घरात दुसरी मोकळी भिंत नव्हती. चित्रे शाळेत आली आणि आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर लागली. बी.एड.ला आम्हांला 'शैक्षणिक साधने' या नावाखाली पुष्कळ पुठ्ठे कापायला लावले होते. त्यांतले एकही साधन या बारा कागदांइतके कामाला आले नाही. मात्र ते कसे कामाला आले हे सांगण्याआधी ही चित्रे मुळात कुठून आली, हे पाहायला हवे. ती जितकी साधी दिसतात तितकी साधी नाहीत.

*

या चित्रांचे मूळ सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कँटनमध्ये, म्हणजे आजच्याच ग्वांगचौमध्ये आहे. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपीय व्यापाऱ्यांना चीनचे हेच एक बंदर उघडे होते. नदीकाठी तेरा कोठ्यांचा एक पट्टा होता आणि गोऱ्या व्यापाऱ्याने हंगामापुरते तिथेच राहायचे असा दंडक होता. तटबंदीच्या आतल्या शहरात त्याला जाता येत नसे, बायकोला सोबत आणता येत नसे. ज्या देशाचा चहा तो घरोघर पोचवत होता, तो देश त्याला कोठीच्या दारापुढच्या दोन-चार गल्ल्यांइतकाच दिसे. त्याच गल्ल्यांत चित्रकारांची दुकाने होती. परत जाताना त्याला घरी दाखवायला चीन हवा असे, आणि या दुकानांत तो पानापानाने विकत मिळे.

हिंदुस्थानात पलटणीवर असलेला जॉर्ज हेन्री मेसन नावाचा एक इंग्रज अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासहून प्रकृती सुधारण्यासाठी कँटनला गेला. तिथे त्याने पुक्वा नावाच्या चित्रकाराच्या दुकानातून अशी चित्रे मिळवली. लंडनला परतल्यावर त्यावरून ताम्रपट कोरले गेले आणि १८०० साली 'द कॉस्च्यूम ऑफ चायना' हे पुस्तक निघाले. त्यात साठ चित्रे आणि प्रत्येक चित्रासोबत इंग्रजी व फ्रेंच मजकूर आहे. चित्राच्या तळाशी एका बाजूला चित्रकार म्हणून कँटनच्या पुक्वाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला कोरणारा म्हणून लंडनच्या डॅडलीचे. ताम्रपटावरून चित्र छापले जाई. रंग मात्र प्रत्येक प्रतीत हाताने भरावे लागत. हे रंग भरणाऱ्यांचे नाव पुस्तकात कुठेच नाही. ही पाने आज काही ग्रंथालयांनी संगणकावर खुली करून ठेवली आहेत. आम्ही आमची बारा चित्रे त्यांच्याशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यांचे नाते लपून राहिले नाही.

'पुक्वा' हे नावही विचार करण्यासारखे आहे. कँटनच्या व्यापाऱ्यांच्या आणि चित्रकारांच्या नावांना परदेशी लोकांच्या तोंडी 'क्वा' हे शेपूट लागलेले असे. ते आदरार्थी संबोधन, आपल्याकडच्या 'साहेब'सारखे. पुढच्या पिढीत लामक्वा आणि तिंगक्वा हे दोघे भाऊ प्रसिद्धीस आले. लामक्वा तैलरंगातल्या तसबिरींसाठी, तिंगक्वा जलरंगांसाठी. तेव्हा 'पुक्वा' म्हणजे एका माणसाचा हात असे समजू नये. ती दुकानावरची पाटी होती, आणि पाटीमागे कितीतरी हात होते.

ते हात कसे चालत याची वर्णने कँटनला गेलेल्या युरोपीय प्रवाशांनी करून ठेवली आहेत. डाउनिंग नावाचा इंग्रज डॉक्टर १८३६-३७ मध्ये तिथे होता. त्याने लामक्वाच्या दुकानातले काम बारकाईने पाहून लिहिले आहे. कागदावर तुरटीचे पाणी फिरवून तो रंग धरण्याजोगा करायचा, बाह्यरेषा ठरलेल्या नमुन्यावरून उतरवून घ्यायची, आणि मग रंगांची पाळी. कामाची वाटणी असे. एकाच्या हातून सुटलेला कागद दुसऱ्याच्या हाती जाई. पुढे तर कागदाऐवजी एका झुडपाच्या गाभ्याचे पातळ काप वापरात आले. गाभा फिरवत फिरवत सुरीने सोलून काढायचा, की मखमलीसारखे पांढरे पान मिळते. युरोपात त्याला तांदळाचा कागद म्हणत. तांदळाशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

तात्पर्य, आज आपण ज्याला 'अस्सल' म्हणून काचेत ठेवतो, ते कँटनच्या दुकानातही नमुन्यावरून उतरवलेलेच होते. लंडनचा ताम्रपट ही त्याची नक्कल. आणि भावाने आणलेली गुंडाळी ही त्या वंशातली आणखी एक पिढी. म्हणून 'ही नुसती नक्कल आहे' एवढे म्हणून या चित्रांची बोळवण करता येत नाही. प्रश्न विचारायचा तो वेगळा: या चित्रांनी मेहनतीच्या माणसाकडे कसे पाहिले, आणि नकलेच्या प्रवासात त्या पाहण्याचे काय झाले?

*

आधी या चित्रांच्या पदरात त्यांचे माप टाकू. त्यांचा मोठा गुण म्हणजे अवजारांविषयीचा आदर. न्हाव्याचे चित्र घ्या. फिरता चिनी न्हावी खांद्यावर काठी घेई. काठीच्या एका टोकाला शेगडी आणि तिच्यावर गरम पाण्याचे भांडे, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाला बसायचे स्टूल. स्टुलालाच खण, त्यांत वस्तरे. सगळे दुकान एका खांद्यावर. चिनी भाषेत एकतर्फी प्रेमाला 'न्हाव्याची कावड, एकाच टोकाला गरम' असे म्हणतात. चित्रातली कावड नीट पाहिल्याशिवाय ही म्हण कळत नाही, आणि एकदा पाहिली की विसरत नाही.

त्याच चित्रात राजकारणही दडलेले आहे. मांचू राजवटीने १६४५ साली हुकूम काढला की प्रत्येक चिनी पुरुषाने डोक्याचा पुढचा भाग तासडून मागे वेणी ठेवावी. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होती ती मृत्यूची. म्हणजे चित्रातला हा गरीब माणूस केवळ हजामत करत नाही. बादशहाच्या हुकमाची अंमलबजावणी त्याच्या वस्तऱ्याच्या धारेवर चालली आहे. चित्रकार हे सांगत नाही. तो फक्त गिऱ्हाइकाची चकचकीत टाळू आणि मागची लांब वेणी काढतो. ज्याला ठाऊक आहे त्याने वाचावे.

चिनीमाती सांधणाऱ्याचे कसब आणखी नाजूक. फुटलेल्या वाडग्याचे तुकडे जुळवायचे, कडेने बारीक छिद्रे पाडायची आणि त्यांत धातूच्या चिमुकल्या पकडी बसवायच्या. छिद्र आरपार जाता कामा नये. त्यासाठी हिऱ्याच्या कणीचा बरमा लागतो. म्हणून चिनी म्हण आहे की हिऱ्याचा बरमा नसेल तर चिनीमातीचे काम अंगावर घेऊ नये. हा बरमा कमानीने फिरतो. कमानीच्या दोरीचा वेढा बरम्याच्या दांड्याला दिलेला असतो. कमान पुढे-मागे ओढली की दांडा गरगरतो. ही दोरी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्हांला परत यायचे आहे.

दुसरा गुण असा की या चित्रांत टिंगल नाही. माणूस हास्यास्पद करून दाखवलेला नाही. परदेशी गिऱ्हाइकाला गंमत विकायची होती, तरी कँटनच्या कारागिराने आपल्या शहरातल्या कारागिराला विदूषक केले नाही. कदाचित एक मजूर दुसऱ्या मजुराकडे जसा पाहतो तसे ते पाहणे असावे. रंग घोटणाऱ्याला हातोडा मारणाऱ्याची कंबर कुठे दुखते ते कळत असते.

*

आता दुसरी बाजू. या चित्रांत धंदा आहे, पण बाजार नाही. माणूस आहे, पण रस्ता नाही. मोची समोरच्या कुणासाठी जोडा शिवतो आहे, भाव काय ठरला, गिऱ्हाइकाने घासाघीस केली की नाही, यातले काहीच नाही. अंगरख्यावर डाग नाही. भिकारीसुद्धा नीटनेटका आहे. पांढऱ्या कागदावर माणूस असा उभा आहे, जणू सुईने टोचून ठेवलेले फुलपाखरू.

चिनी चित्रकलेला रस्ता काढता येत नव्हता असे नव्हे. ली सुंग या दरबारी चित्रकाराने १२११ साली काढलेला फेरीवाला आजही बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्याच्या कावडीवर शेकडो वस्तू लटकलेल्या, आणि त्याला गराडा घालणारी, हात पुढे करणारी पोरे. त्याहून बोलके उदाहरण चौ चन या चित्रकाराचे. त्याने १५१६ साली रस्त्यावरच्या भिकाऱ्यांची आणि भटक्यांची चित्रमाला काढली. ती आज अमेरिकेत क्लीव्हलँड आणि होनोलुलू अशा दोन संग्रहालयांत विभागून आहे. त्या चित्रांतल्या बरगड्या मोजता येतात. आंधळा तिथे खरोखर चाचपडतो. जगाला इशारा म्हणून ही चित्रे काढली, असे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्याच्या पुढ्यात भूक होती. पुक्वाच्या पुढ्यात गिऱ्हाईक होते. आणि गिऱ्हाइकाला भूक विकत घ्यायची नव्हती.

हे गिऱ्हाईक दूरचे होते म्हणून आपण हात झटकून मोकळे होऊ नये. कँटनच्या व्यापारात मुंबईचा वाटा मोठा होता. इथून कापूस आणि माळव्याची अफू जाई, तिथून चहा, रेशीम, चिनीमाती येई. सर जमशेटजी जीजीभाई यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या व्यापारातले एक भागीदार मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक असते? कँटनच्या गल्लीतला तो कावडवाला आणि आपल्या मुंबईचा पैसा यांच्यामध्ये अफूची पेटी होती. तीही या चित्रांतून गाळलेली आहे. पांढरा कागद नुसता रिकामा नसतो. कधी कधी तो पुसलेला असतो.

सगळ्यांत मोठी उणीव मात्र आवाजाची. फेरीवाला म्हणजे आधी हाक, मग माल. अमेरिकन लष्करी अधिकारी सॅम्युएल व्हिक्टर कॉन्स्टंट याने १९३६ साली पेकिंगच्या फेरीवाल्यांच्या हाकांवर आणि वाद्यांवर पुस्तक प्रसिद्ध केले. पेकिंगचा न्हावी तोंडाने ओरडत नसे; तो मोठ्या लोखंडी चिमट्याच्या पात्यांमधून सळई ओढून झणकार काढी. सुरीला धार लावणारा लोखंडी पत्र्यांची माळ वाजवी. त्या माळेचे जे चिनी नाव आहे त्याचा अर्थ 'जनान्याला दचकवणारी' असा होतो. कारण पडद्याआडच्या बायकांना कळायला हवे की शिकलगार दारात आला आहे. केवढे संपूर्ण चित्र त्या एका नावात आहे! गल्ली, भिंत, भिंतीमागची बाई, तिच्या हातातली बोथट सुरी. पुक्वाच्या पाचपन्नास चित्रांत ते येत नाही.

इथे आम्हांला आमच्या नजीर अकबराबादींची आठवण होणे साहजिक आहे. पुक्वाची पाने कँटनमध्ये रंगत होती तेव्हा नजीर आग्र्यात हयात होते. १८३० साली ते वारले. तेही पेशाने मास्तरच. व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकवून पोट भरत. त्यांनी काकडीवर लिहिले, तिळाच्या लाडवांवर लिहिले, भाकरीवर लिहिले. शिष्ट मंडळींनी त्यांना फार दिवस शायरांच्या पंगतीत बसू दिले नाही. हबीब तन्वीर यांनी १९५४ साली 'आगरा बाजार' हे नाटक बसवले. त्यात काकडीवाल्याचा माल खपत नाही आणि काकडीवर कविता हवी म्हणून तो वणवण करतो, ही कल्पना मध्यवर्ती आहे. नजीर त्याला शब्द देतात आणि बाजार हलतो. फरक इथे आहे. पुक्वाने फेरीवाल्याला परक्यांना विकले. नजीरनी फेरीवाल्याला त्याच्याच गिऱ्हाइकासाठी शब्द दिले. एक चित्र रस्त्यावरून उचलून जहाजावर गेले, एक कविता रस्त्यावरच राहिली.

*

अशी चित्रे काही चीनपुरती नव्हती. त्याच काळात कलकत्त्याला सॉल्व्हिन्स हा फ्लेमिश चित्रकार बंगालच्या जाती आणि धंदे यांची अडीचशे कोरीव चित्रे करत होता. १८२५ साली कर्नल जेम्स स्किनरने 'तश्रीह-उल-अक्वाम' हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. त्यातही एकेका जातीचा, एकेका पेशाचा एकेक माणूस चित्रात उभा आहे. पुढे कॅमेरा आला, आणि १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. हस्तचित्राचा आल्बम सरकारी नोंदवही बनला. चित्राखाली माणसाचे नाव न घालता जातीचे घालायचे, ही सवय सत्तेच्या फार कामाची ठरली.

चीनमध्ये धंदा म्हणजे जात नव्हे, हे इथे सांगितले पाहिजे. तिकडे 'तीनशे साठ धंदे' असा वाक्प्रचार आहे, आणि त्याच्याच जोडीने म्हणतात की प्रत्येक धंद्यात एखादा पहिल्या नंबराचा निघतोच. हा पहिला नंबर साधा नाही. शाही परीक्षेत सबंध साम्राज्यात पहिला येणाऱ्याची ती पदवी. लोहारही आपल्या कामात त्या पदवीला पोचू शकतो, असा त्या म्हणीचा रोख. तिंगक्वाच्या दुकानातून तीनशे साठ धंद्यांची तीनशे साठ रेखाचित्रे तयार झाली. ती आणि पुक्वाची शंभर रंगीत चित्रे अमेरिकेत सेलम येथील पीबॉडी एसेक्स संग्रहालयात आहेत. १९९९ साली ती शांघायहून पुस्तकरूपाने निघाली, म्हणजे चिनी वाचकाच्या हाती आपलेच रस्ते दोन शतकांचा वळसा घालून परत आले.

आम्हांला या साऱ्या आल्बमांशी भांडायचे आहे ते एका मुद्द्यावर. धंदा दाखवणे वेगळे आणि माणसाला धंद्यात कोंडणे वेगळे. पांढऱ्या कागदावरचा तो न्हावी संध्याकाळी घरी जात नाही. त्याला मूल नाही, मत नाही, आजार नाही. तो सकाळपासून रात्रीपर्यंत आणि १८०० सालापासून आजपर्यंत न्हावीच आहे.

*

आता आमच्या वर्गातली गोष्ट. उर्दू शाळेचा हजेरीपट ज्याने एकदा वाचला आहे त्याला तीनशे साठ धंदे शोधायला चीनला जावे लागत नाही. अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, पिंजारी, मोमीन, शिकलगार. रोज सकाळी आम्ही आडनावे पुकारतो आणि एक बाजार 'हाजिर' म्हणत उभा राहतो. यांतल्या बहुतेकांच्या घरी तो धंदा आता उरलेला नाही. आडनाव उरले आहे. ज्यांच्या घरी उरला आहे ती मुले सांगायला लाजतात. 'वडील काय करतात?' या रकान्यात 'बिझनेस' लिहितात. हातगाडीलाही बिझनेस, भंगारालाही बिझनेस.

चित्रे लावली त्या दिवशी मुले हसली, वेण्या पाहून. दुसऱ्या दिवशी भिंतीजवळ घोळका होता. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा, वर्षभरात स्वतःहून कधी हात वर न केलेला एक मुलगा म्हणाला, "सर, ये बरमा नहीं घूमेगा."

आम्ही विचारले, "का?"

"कमान को डोरीच नहीं."

आम्ही जवळ जाऊन पाहिले. चिनीमाती सांधणाऱ्याच्या हातात कमान होती, बरमा होता, पण दोरी काढलेली नव्हती. कमान नुसती वाकडी काठी होऊन बसली होती. चित्र घरी चार दिवस आमच्या हाताखाली होते. आम्हांला दिसले नव्हते. मुलाचे दादा जुन्या पद्धतीने लाकूडकाम करत. त्यांच्या मांडीशी बसून त्याने कमान ओढली होती. त्याने ते वर्गासमोर करून दाखवले, हाताने, हवेत. त्या दिवशी त्याने वडिलांचा धंदाही सांगितला. रकान्यात काय लिहिले होते ते आम्ही त्याला विचारले नाही.

समीक्षक म्हणून आमचे मत त्या मुलाच्या मतावर उभे आहे, हे आम्ही मोकळेपणी सांगतो. पुक्वाच्या दुकानातला चितारी नमुन्यावरून रेष उतरवत होता खरा, पण दुकानाची पायरी उतरला की सांधणारा त्याला गल्लीत दिसत होता. नक्कल करतानाही त्याच्या डोळ्यांसमोर अस्सल फिरत होते. आजच्या कारागिराला ते भाग्य नाही. तो छापील चित्रावरून चित्र काढतो, तेही दिवसाला अमुक इतकी या हिशेबाने. त्याचे रंग सुबक आहेत, कपड्यांच्या चुण्या आमच्या बारा चित्रांत फार सुंदर उतरल्या आहेत, चेहऱ्यांवर तर मूळच्यापेक्षा अधिक माया आहे. पण अवजारे सैल पडली आहेत. कापड आणि चेहरा नकलेतून नकलेत जगतात. अवजार जगत नाही. कारण अवजार दिसण्याने बनत नाही, चालण्याने बनते. ज्याने ते चालताना पाहिले नाही त्याच्या कुंचल्यातून दोरी निसटणारच.

यात त्याचा दोष किती? शेनचेन शहरातल्या ताफन या वस्तीत १९८९ साली हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याने हातचित्रांच्या नकलांचा धंदा सुरू केला आणि तिथे हजारो चितारी जमले. खेड्यातून आलेली तरुण मुले जगप्रसिद्ध चित्रे पुन्हा पुन्हा रंगवू लागली. विनी वाँग या अभ्यासिकेने २०१३ साली या वस्तीवर ग्रंथ लिहिला. या लोकांना 'नकला करणारी यंत्रे' म्हणून हिणवण्यात पाहणाऱ्याचाच आळस आहे, असे तो वाचून वाटते. आम्हांला हे लवकर पटते. उर्दू वाचणाऱ्याला नकलेचा तिटकारा शोभत नाही. आमची सारी खुशनवीसी उस्तादाच्या अक्षरावर अक्षर गिरवून उभी राहिली. कातिब दुसऱ्याचेच शब्द लिही, पण वळण त्याचे स्वतःचे असे. १९८१ साली नूरी नस्तालीक संगणकावर आले, १९९४ मध्ये इनपेज आले, आणि वर्तमानपत्रांतले कातिब एकेक करून घरी बसले. त्यांचीही चित्रे आता कुणी काढील. बोरूचे टोक तिरपे छाटलेले असते हे त्या चित्रकाराला ठाऊक असेल का?

परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोराला आम्ही पकडतो तेव्हा आमचा राग त्याने उतरवून घेतले याचा नसतो. न समजता उतरवले याचा असतो. नकलेची कसोटीही तीच. दोरी कशासाठी आहे हे ज्याला कळले, त्याची नक्कलही इल्म आहे.

*

तिंगक्वाच्या दुकानाचे एक चित्र आहे, १८५५ च्या सुमाराचे, त्याच्याच दुकानात काढलेले, तेही सेलमच्या संग्रहालयात. भिंतीवर चित्रे टांगलेली, आणि टेबलांशी बसून मान खाली घालून रंगवणारे चितारी. सारी उमर दुसऱ्यांचे धंदे रंगवणाऱ्यांनी त्या एका पानात आपला धंदा रंगवला. आमच्या हिशेबाने तो तीनशे एकसष्टावा. या पानावर मागची बाजू कोरी नाही. खिडकी आहे, टेबल आहे, काम आहे. स्वतःला काढताना त्यांनी स्वतःला टाचणीने टोचले नाही.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम आपल्या हाताच्या कमाईचे खात, आणि त्याहून चांगला घास नाही, असे हदीसमध्ये आले आहे. हे आपण वाजमध्ये ऐकतो, माना डोलावतो आणि बाहेर पडून हातगाडीवाल्याला 'अरे' म्हणून हाक मारतो. कँटनची चित्रे हा दोष सुधारतील असा आमचा दावा नाही. ती विकण्यासाठी काढलेली चित्रे आहेत, आणि विकणाऱ्याने जे गाळायचे ते गाळले आहे. पण ज्या हातांना अवजार ठाऊक आहे त्यांच्यासमोर ती ठेवली, तर गाळलेले पुन्हा भरून निघते, एवढे आम्ही पाहिले.

भावाला दूरध्वनीवर हे सांगितले तेव्हा तो हसला. तो माल घेतो तो कपड्यांचा घाऊक बाजार 'तेरा कोठ्यांचा रस्ता' या नावाच्या रस्त्यावरच आहे. पुक्वा-तिंगक्वांच्या काळच्या कोठ्यांवरूनच त्याला हे नाव पडले. "तिथे आता चित्रे नाहीत, गठ्ठेच गठ्ठे," तो म्हणाला. "आणि गठ्ठे ओढणारे हमाल. त्यांची कुणी चित्रे काढत नाही."

वर्गातले चित्र आम्ही काढून ठेवलेले नाही. त्या मुलाने आमच्या परवानगीने पेन्सिलने कमानीला दोरी काढली, दांड्याला एक वेढा देऊन. रेष थोडी जाड आली आहे, चिनी रेषेशी जुळत नाही. पण बरमा आता फिरेल.